पडद्यावरचं टिंब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण किती टिंबं वाचतो, याचा कधी विचार केला आहे का? दूध घालायला गेलं की काट्यावर चार पॉइंट पाच. पोराचा ताप पाहिला की शंभर पॉइंट दोन. पेट्रोल पंपावर लिटरच्या पुढे दोन आकडे, आणि जळगावला सराफाच्या दुकानात गेलात तर ग्रॅमच्या पुढे चांगले तीन आकडे. आपण ते वाचतो, मान डोलावतो आणि पैसे देतो किंवा घेतो. तराजूच्या दांडीकडे पूर्वीचा माणूस डोळे बारीक करून पाहायचा. पडद्यावरच्या आकड्याकडे आपण तसं पाहत नाही. यंत्र सांगतंय म्हणजे खरंच असणार, अशी आपली समजूत.

आज मी त्या आकड्यांमधल्या टिंबाविषयी, म्हणजे दशांश चिन्हाविषयी बोलणार आहे. हे टिंब पडद्यावर येतं कुठून? तर ते यंत्राच्या आत नसतंच. ते बाहेरून, माणसानं ठेवलेलं असतं. आणि माणूस ठेवतो म्हटल्यावर तो चुकूही शकतो. मी चुकलो होतो, म्हणून हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे.

आमच्या अमळनेरला संगणक हा शब्द परका नाही. १९४५ साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावानं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि तीच विप्रो पुढे संगणकाच्या धंद्यात जगभर गेली. पण मी ज्या संगणकाविषयी बोलतोय तो टेबलावर ठेवायचा नव्हे. तो बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा असतो, दोन्ही बाजूंना मुंगळ्यासारखे पाय असलेला. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. वजनकाट्यात, विजेच्या मीटरमध्ये, धुण्याच्या यंत्रात तोच बसलेला असतो. इंटेल कंपनीनं १९८० साली ८०५१ नावाचा असा तुकडा बाजारात आणला. त्याच घराण्यातल्या तुकड्यांवर आपल्याकडच्या कितीतरी पॉलिटेक्निकच्या मुलांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला. मीही त्यातलाच.

आता माझी चूक सांगतो. बोरी नदीच्या काठी एक गाव आहे. तिथल्या दूध संकलन केंद्रावर चांगला, शिक्का मारलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता. पण त्याचा आकडा कॅनच्या आड जायचा. दूध घालणाऱ्या बायका म्हणायच्या, आम्हाला काही दिसत नाही, तो पोरगा सांगेल ते खरं. म्हणून मला बोलावलं. काट्यातून वजनाचा आकडा वायरीनं बाहेर घ्यायचा आणि खिडकीच्या कठड्यावर, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखाच दिसेल असा, एलसीडीवर दाखवायचा. शिवाय दूध घेऊन संपलं की एक बटण दाबून त्या वेळची एकूण बेरीजही दाखवायची. काम सोपं होतं. डबी तयार केली, एक किलोचं वजन ठेवून पाहिलं, दोन किलोचं ठेवलं, अडीच किलो करून पाहिलं. सगळं बरोबर. हार घालून नारळ फुटला.

आठवड्याभरात कुरबुर सुरू झाली. केंद्रावरचा मुलगा पडद्यावर पाहून वहीत वजन लिहायचा. वहीतली बेरीज आणि यंत्रातली बेरीज जुळेना. एका संध्याकाळी वही सांगत होती १८७ किलो ७५० ग्रॅम, यंत्र सांगत होतं १८६ किलो ४०० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी फरक वेगळा, पण वही दरवेळी वरचढ. यंत्र खोटं बोलणार नाही, तेव्हा वही खोटी. आणि वही खोटी म्हणजे पोरगा आपल्या नातेवाइकांचं दूध वाढवून लिहितो, असा अर्थ लोकांनी काढला. गावात असा अर्थ निघायला वेळ लागत नाही. एका आजींनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला होता. आमच्या अहिराणीत त्या म्हणाल्या, “भाऊ, म्हैस तीच शे, चारा तोच शे, मंग एक रातमा दूध इतलं कसं वाढनं?” आदल्या दिवशी चार किलो आणि त्या दिवशी चार पॉइंट पाच! स्वतःच्या फायद्याच्या आकड्यावर शंका घेणाऱ्या त्या एकट्याच. पण त्यांचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

उत्तर सांगण्याआधी हे यंत्र आकडा दाखवतं कसं ते पाहू.

वजनकाट्याच्या ताटाखाली धातूचा एक ठोकळा असतो. त्याला लोड सेल म्हणतात. त्याच्यावर भार पडला की तो अगदी किंचित, डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, आणि त्याला चिकटवलेल्या पट्ट्यांमधून मिळणारा विजेचा दाब बदलतो. हा दाब मोजून त्याची संख्या केली जाते. ही संख्या पूर्ण असते. तिला दशांश, शतांश काही नसतं. एका ठरावीक दाबाला अमुक इतके मोजे, एवढंच. मग त्या मोज्यांवरून वजन काढतात. माझ्या डबीत मी ते दहा-दहा ग्रॅमच्या हिशोबात ठेवलं होतं. म्हणजे चार किलो पन्नास ग्रॅम दूध आलं की आत आकडा ४०५. चार पूर्णांक पाच शतांश नव्हे, नुसता चारशे पाच.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या व्यवहारात दशांश चिन्ह नव्हतंच. रुपये, आणे, पै होते. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. सोन्याला तोळे, मासे, गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. अपूर्णांक आला की टिंब देत बसायचं नाही, खालच्या एककात उतरायचं. दुकानदार मनातल्या मनात सगळ्याच्या पै करायचा, बेरीज-वजाबाकी उरकायचा आणि अगदी शेवटी पुन्हा आणे आणि रुपये करून सांगायचा. मायक्रोकंट्रोलरला शिकवायचं ते एवढंच. सगळा हिशोब सर्वांत लहान एककात, पूर्ण संख्येत कर. टिंब अगदी शेवटी, दाखवताना दे.

आता दाखवणं. आपण जो हिरवा किंवा निळा, दोन ओळींचा पडदा पाहतो, त्याच्या प्रत्येक ओळीत सोळा घरं असतात. हिताची कंपनीनं बनवलेल्या एचडी ४४७८० या नियंत्रकाची पद्धत इतकी रुळली, की आज कुठल्याही कंपनीचा असा पडदा घ्या, तो बहुधा त्याच आज्ञा पाळतो. या पडद्याला संख्या कळत नाही. तो फक्त अक्षरजुळारी आहे. पूर्वीच्या छापखान्यात एकेक खिळा उचलून ओळीत बसवायचे, तसं. त्याला ‘४०५ दाखव’ असं सांगून चालत नाही. त्याला सांगावं लागतं, पहिल्या घरात चाराचा खिळा लाव, दुसऱ्यात टिंबाचा, तिसऱ्यात शून्याचा, चौथ्यात पाचाचा. प्रत्येक खिळ्याला क्रमांक असतो. शून्याच्या खिळ्याचा क्रमांक ४८, एकाचा ४९, असं करत नवाचा ५७. टिंबाचा ४६. म्हणजे अंकात ४८ मिळवले की त्याचा खिळा मिळतो.

मग ४०५ चे अंक सुटे कसे करायचे? तिसरीतल्या भागाकारानं. ४०५ ला १०० नं भागा. भाग गेला ४, बाकी राहिली ५. हे ४ म्हणजे किलो. बाकी ५ ला १० नं भागा. भाग गेला ०, बाकी ५. म्हणजे अंक मिळाले चार, शून्य आणि पाच. चारानंतर टिंब ठेवा. पडद्यावर ४.०५. झालं.

माझी चूक इथेच होती. किलोचा चार मी बरोबर काढला, टिंब दिलं, आणि मग बाकी राहिलेली संख्या ‘आहे तशी’ लिहून टाकली. बाकी पन्नास असली तर ती पन्नास अशी उमटायची, अडीच किलोला २.५० दिसायचं, ते बरोबर. बाकी शून्य असली तर १.० दिसायचं, तेही खपून जायचं. पण बाकी पाच असली की नुसता पाच उमटायचा. चार पॉइंट शून्य पाचाऐवजी चार पॉइंट पाच! पाच दहा-ग्रॅमी मोजांचे पाचशे ग्रॅम झाले. मधला शून्य मी खाल्ला.

ही चूक शंभरातल्या फक्त नऊ वजनांना होते. टिंबापुढचा आकडा शून्य एक ते शून्य नऊ असेल तेव्हाच. म्हणून एक, दोन आणि अडीच किलोची वजनं ठेवून मला ती सापडली नाही. आणि गंमत पाहा, आतली बेरीज मात्र अचूक होती. कारण ती पूर्ण संख्यांची होती, तिचा टिंबाशी संबंधच नव्हता. एकाच डबीतला आतला हिशोब खरा आणि पडद्यावरचा आकडा खोटा. लोकांनी यंत्रावर विश्वास ठेवून माणसाला खोटं ठरवलं होतं, पण मुलगा तर यंत्रानं दाखवलं तेच लिहीत होता.

शोध लावला तो एका जुन्या दिवाणजींनी. कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी आयुष्यभर वह्या लिहिल्या होत्या. त्यांनी विचारलं, “फरक किती येतो?” मी म्हटलं, एक किलो ३५० ग्रॅम. म्हणजे १३५ दहा-ग्रॅमी मोजे. त्यांनी मनात भागलं. “नऊनं भाग जातो. पंधरा वेळा. कालचाही फरक सांगा.” त्यालाही नऊनं भाग गेला. परवाच्यालाही. “मग ही चोरी नाही. आकडा सरकलाय.”

जुन्या हिशोबनिसांचा हा आडाखा साधा आणि पक्का आहे. पाच हा अंक एक घर डावीकडे सरकला की त्याचे पन्नास होतात, फरक पंचेचाळीस. दोनाचे वीस झाले तर फरक अठरा. आठाचे ऐंशी झाले तर बहात्तर. कुठलाही अंक एक घर सरकला की फरक नवाच्याच पटीत येतो. त्या संध्याकाळी वहीत ४.०५ चे ४.५, ६.०२ चे ६.२ आणि ३.०८ चे ३.८ झाले होते. पंचेचाळीस, अठरा आणि बहात्तर. बेरीज करा, एकशे पस्तीस. चोरी करणारा माणूस दररोज नवाच्या पटीतच चोरी करेल, हे संभवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या आरंभाचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास तिथे चालावा म्हणून तो मठ होता. रिकाम्या जागीही शून्य मांडल्याशिवाय संख्या उभी राहत नाही, हे आपल्या गणित्यांना पक्कं ठाऊक होतं. मला ते एका गावाच्या भांडणातून शिकावं लागलं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? यंत्रालाच दशांश संख्या ठेवायला सांगा की. ठेवता येते. तिला फ्लोट म्हणतात. पण लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये तो श्रीमंती थाट आहे. जुन्या ८९सी५१ मध्ये प्रोग्रॅमला जागा चार किलोबाइट आणि कामाची स्मृती फक्त १२८ बाइट. दशांश संख्येची बेरीज आणि तिची छपाई यांची सामग्री आणली की घर भरून जातं. म्हणूनच काही प्रचलित साधनांमध्ये छपाईच्या नेहमीच्या आज्ञेतून दशांशाची सोय मुळातच वगळलेली असते. विद्यार्थी हौसेनं ‘दशांश छाप’ म्हणतो आणि पडद्यावर आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह उमटतं. मुलांना वाटतं यंत्र बिघडलं. ते बिघडलेलं नसतं, ते प्रामाणिकपणे सांगत असतं की हे मला शिकवलेलं नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. यंत्र दोनाच्या पटीत मोजतं. अर्धा, पाव, अर्धपाव, त्याचा अर्धा, असे त्याचे अपूर्णांक. आपल्या जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करून घेत. ते सगळे अपूर्णांक यंत्राला तंतोतंत कळतात. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे अर्ध्याच्या अर्ध्याच्या अर्ध्याचा अर्धा. तोही त्याला तंतोतंत कळतो. पण १ एप्रिल १९५७ पासून आपण रुपयाचे शंभर नये पैसे केले, आणि यंत्राला शंभरावा भाग काही केल्या नेमका मांडता येत नाही. दहावा भागही नाही. दहा पैसे घ्या. म्हणजे एक आणा, वर अर्धा आणा, तरी थोडं उरतं. त्या उरलेल्यात आण्याचा सोळावा भाग घातला, बत्तिसावा घातला, तरी थोडं उरतंच. ही उतरंड संपत नाही. एकाला तिनानं भागताना आपल्याकडे तीन-तीन-तीन असे आकडे येत राहतात, तसंच. मग यंत्र कुठेतरी थांबतं आणि उरलेलं सोडून देतं. यंत्राला आणे कळतात, पैसे कळत नाहीत, असं म्हटलं तरी चालेल.

एवढासा चुरा सोडला तर काय बिघडतं? २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेनं येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं नाही. अमेरिकेचे २८ सैनिक ठार झाले. चौकशीत निघालं ते असं. यंत्रणा वेळ मोजायची सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि तो दहावा भाग तिच्या २४ बिटांच्या घरात नेमका मावत नव्हता. ती सुमारे शंभर तास सतत चालू होती. दर वेळी सांडलेला कण साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा झाला. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त पुढे जातं. यंत्रणा चुकीच्या जागी पाहत राहिली.

तिसरी गोष्ट म्हणजे शेवटचा आकडा नुसता कापायचा की जवळच्या आकड्याला न्यायचा. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजारानं जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं काढला जाई आणि टिंबानंतरच्या तीन आकड्यांपुढचं सगळं छाटलं जाई. दिवसातून सुमारे तीन हजार वेळा ही छाटणी चाले. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक घसरून ५२४ वर आला. बाजार मात्र पडलेला नव्हता. नीट हिशोब केल्यावर खरा आकडा निघाला १०९८ च्या पुढे.

ही गोष्ट आपल्या दुधालाही लागू आहे. समजा एखादा काटा शंभर ग्रॅमच्या पायरीनं वजन दाखवतो आणि वरचं छाटून टाकतो. चार किलो ९० ग्रॅमला तो चारच किलो दाखवणार. कधी काही जाणार नाही, कधी ९० ग्रॅम जातील. दहा-दहा ग्रॅमच्या हिशोबानं सरासरी ४५ ग्रॅम धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून वर्षाची ७३० मापं. ४५ ग्रॅम गुणिले ७३० म्हणजे ३२ किलो ८५० ग्रॅम. एका घराचं एवढं दूध वर्षाला कोणी चोरलं नाही आणि तरी गेलं. छाटणीत तोटा नेहमी एकाच बाजूला जातो. जवळच्या आकड्याला नेलं तर कधी इकडे कधी तिकडे होऊन ते बरंचसं फिटतं. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एकच ओळ लागते. दहानं भागण्याआधी पाच मिळवा. १४७ मध्ये पाच मिळवले, १५२ झाले, दहानं भागले, १५ आले. १४३ मध्ये मिळवले, १४८ झाले, १४ आले. शाळेत शिकलो ते हेच.

पण तेही किती वेळा करायचं याला मर्यादा आहे. १९५७ साली आणे जाऊन नये पैसे आले तेव्हा एका आण्याचे सहा नये पैसे धरत. खरे होतात सव्वासहा. एकदा दिले तर पाव पैशाचा फरक. पण सुटासुटा एकेक आणा सोळा वेळा बदलून घेतला तर हाती ९६ नये पैसे, आणि रुपयातले चार गेले. म्हणून नियम असा, की आत हिशोब करताना काही कापायचं नाही, पूर्ण करायचं नाही. बेरीज पूर्ण आकड्यांची करायची आणि जे काही जवळ न्यायचं ते एकदाच, दाखवताना.

आणखी दोन खाचाखोचा सांगतो. पहिली, घर लहान पडण्याची. दोन बाइटच्या चिन्हासह संख्येत ३२७६७ च्या पुढे मावत नाही. दहा-दहा ग्रॅम मोजत गेलात तर ३२७ किलो ६७० ग्रॅमला पोतं भरतं आणि पुढचा मोज टाकला की बेरीज एकदम उणे दिसायला लागते. केंद्रावर दूध जास्त येत असेल तर मोठं पोतं घ्यावं लागतं. दुसरी, पडदा स्वतःहून पुसला जात नाही. १००.० लिहिलंत आणि त्यावरच पुढचा ९९.९ लिहिलात, तर आधीचं शेवटचं शून्य तसंच राहतं आणि वाचणाऱ्याला ९९.९० दिसतं. इथे नुकसान नाही, पण बिनटिंबाचा आकडा असेल तर १०० नंतरचे ९९ सरळ ९९० होतात. म्हणून आकडा लहान झाला की मोकळी राहिलेली घरं पुसायची.

आणि टिंबापुढे किती आकडे दाखवायचे? जितकं यंत्राला खरोखर कळतं तितकेच. एलएम ३५ नावाचा तापमान मोजणारा स्वस्त तुकडा मिळतो. तो प्रत्येक अंश सेल्सिअसला दहा मिलिव्होल्ट देतो. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये पाच व्होल्टचे १०२४ भाग करून मोजण्याची सोय असते. म्हणजे एक पायरी जवळजवळ पाच मिलिव्होल्टची, म्हणजेच अर्ध्या अंशाची. आता मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा चढला की पोरं पडद्यावर ४४.४३ असं दाखवून खूश होतात. त्यातला तीन कुठून आला? भागाकारातून. उन्हातून नाही. ज्या यंत्राची पायरी अर्ध्या अंशाची, त्यानं शतांश दाखवणं म्हणजे गजानं कापड मोजून सुताएवढा हिशोब सांगण्यासारखं आहे. व्यापारी काट्यावरची छोटी पट्टी कधी वाचा. तिच्यावर कमाल वजन, किमान वजन आणि ‘ई’ या अक्षरापुढे काट्याची पायरी लिहिलेली असते. वैधमापन खात्याचा शिक्का त्या पायरीच्या भरवशावर असतो.

त्या गावात माझ्या बाबतीत हेच विसरलं गेलं होतं. शिक्का काट्यावर होता, माझ्या डबीवर नव्हता. काटा आत ४.०५ दाखवतच होता, पण कॅनच्या आड. दिवाणजींनी बोट दाखवल्यावर प्रोग्रॅम दुरुस्त करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाकी दहापेक्षा लहान असेल तर आधी एक शून्य लिही, एवढीच ती ओळ.

दुरुस्तीबरोबर आणखी एक काम केलं. त्या बायकांना इंग्रजी अंक वाचायला अडचण होती. या पडद्यात आपण स्वतः घडवलेले खिळे फक्त आठच ठेवता येतात, आणि देवनागरी अंक तर दहा. पण शून्य दोन्हीकडे सारखंच दिसतं, आणि इंग्रजीतला तीन आपल्या तिनाच्या इतका जवळचा आहे की चालून जातो. उरले बरोब्बर आठ. पाच गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत ते बसवताना सहा आणि नवानं फार छळलं, पण बसले.

मग सगळ्यांना बोलावलं आणि त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. वहीतल्या चुकलेल्या नोंदी यंत्राच्या बेरजेशी ताडून दुरुस्त केल्या. ज्यांच्या नावावर जास्त दूध लागलं होतं त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. आजी पडद्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एकेक अंकावर बोट ठेवून त्यांनी स्वतः वाचलं, चार, टिंब, शून्य, पाच.

तुमच्याकडे असं यंत्र असेल, किंवा तुमचा मुलगा-मुलगी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी असा प्रकल्प करत असेल, तर एक साधी परीक्षा घ्या. पाच किलोचं वजन ठेवून पाहू नका, ते सगळेच बरोबर दाखवतात. पाच किलोच्या वजनावर पन्नास ग्रॅमचं छोटं वजन ठेवा, आणि टिंबाच्या लगेच पुढे शून्य आहे का ते पाहा.